काट्यावरून

माझं काम वजनाचं.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
दोन आकड्यांच्या मधे जे उरतं
तेवढाच माणसाचा उन्हाळा.

हॅल्ब्रीच्या धान्य-एलेव्हेटरवर एकोणीस वर्षं बसतेय मी.
खिडकीतून रूळ दिसतात, रुळांपलीकडे काहीच नाही,
म्हणजे गहू.

मार्चमध्ये ओरेस्ट ह्नाटिक आला,
ट्रक नाही, नमुन्याची पिशवी नाही.
टोपीवरचं बर्फ दारातच झटकून म्हणाला,
"युरिया विचारून आलो."
दवाखान्यातून आल्यासारखा.

मग माझंच पेन, माझ्याच पावतीची पाठ.
हिशेब डॉलरात नाही, बुशेलात:
बाप एक टन खत आणायचा तेव्हा इतका गहू जायचा,
मी पहिल्यांदा आणलं तेव्हा इतका,
आणि आता
कागद संपला.
उलटा केला, तर तिकडे कॉर्नी डिर्कसेनच्या जवाचं वजन.

"गंमत बघ," त्याने बुटाची टाच फरशीवर आपटली,
"इथून किलोमीटरभर खाली
जुन्या समुद्राचं मीठ आहे, गुलाबी.
आमची डारिया रोज पिंजऱ्यात उभी राहून उतरते तिथे,
पोटॅश काढते.
माझ्या पायाखालचं माझ्या रानात यायचं
तर आधी जगभर भाव विचारत फिरून येतं.
भाव चढला की तिला बोनस, मला घाम.
रविवारी एकाच टेबलावर जेवतो आम्ही,
कुणी कुणाला मीठ मागत नाही."

मे महिन्यात त्याने गव्हाचं अर्धं रान मसुराला दिलं.
जुलैत एक रोप मुळासकट उपटून आणलं,
माझ्या टेबलावर माती सांडत.
मुळांना बारीक गाठी.
एक नखाने फोडली, आत लालसर ओल.
"कारखाना," म्हणाला.
"हवेतला नत्र घेतो. ना गॅसची नळी, ना सेल्समन."
असा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर
डारियाच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

पण कॉर्नीनेही तेच पेरलं होतं.
आणि रस्त्यापलीकडच्या तिघांनी.
आणि त्या तिघांच्या मेव्हण्यांनी.

ऑगस्टभर मी मसुराचा आकडा खाली उतरवत राहिले.
कुठल्याशा देशात, जिथे म्हणे हे रोज शिजतं,
पीक बरं आलं, की बंदरावर कर वाढला,
नीट कोण सांगतं?
मला सकाळी आठला फक्त सेंट येतात.
तो देश मी पाहिलेला नाही.
तरी बोर्डावर आकडा बदलताना
एक बाई दिसते मला, पाठमोरी,
डब्यात हात घालून मूठ भरते,
थोडी परत टाकते.
मी खाली उतरवलेला भाव
तिच्यापर्यंत पोचतो की वाटेतच मुरतो, देव जाणे.

आणि गहू, ज्याचं अर्धं रान त्याने काढून घेतलं होतं,
तो चढला.

सप्टेंबरात ओरेस्टने एकच ट्रक आणला.
मी नळी खुपसून नमुना घेतला, ओलावा पाहिला,
चाळणीत खडे दोन, तुटके दाणे फार नाहीत.
माल चोख होता. तसं म्हटलंही मी.
"चोख," त्याने शब्द चावून बघितला.
बाकीचा मसूर कोठीत ठेवलाय म्हणाला,
रात्री जाऊन पत्र्यावर बोटाने वाजवतो,
भरलेली कोठी वाजत नाही
आणि तेच ऐकायला बरं वाटतं.

परवा पुन्हा आला. नांगरटीची धूळ भुवयांवर.
"सांगू भाव?"
"आधी कॉफी."
पुढच्या वसंतातला युरिया आत्ताच घ्यावा
की थांबावं, हे आम्ही दोघांनी
एकमेकांना विचारलं नाही.
मी त्याला दुसरंच सांगितलं:
तुझ्या मसुराचा एक दाणा
माझ्या कीबोर्डात अडकलाय, सातच्या खाली.
सात दाबला की उमटत नाही.
चिमटा घेऊन बसले होते काल, निघेना.

त्याने वाकून पाहिलं,
चष्मा कपाळावर सारून, बराच वेळ.
"राहू दे," म्हणाला,
"अधूनमधून पाणी घाल."